पेसमेकरचा सेल उतरतो तेव्हा

"सेल उतरत आलाय, तीन महिन्यांनी परत दाखवा." पेसमेकर तपासणाऱ्याच्या तोंडचं हे रोजचं वाक्य. त्याच्या दृष्टीने त्यात घाबरण्यासारखं काही नसतं; सगळं वेळापत्रकाप्रमाणे चाललंय, एवढाच त्याचा अर्थ. पण ज्याच्या छातीत ते मशीन आहे तो माणूस हे वाक्य सोबत घेऊन नगरच्या स्टँडवर येतो, शेवगावच्या नाहीतर जामखेडच्या गाडीत बसतो, आणि गाव येईपर्यंत 'उतरत आलाय'चं 'संपलाय' झालेलं असतं. घरी सांगताना, भावकीत सांगताना त्यात आणखी भर पडते. रात्री आडवं झालं की हात आपोआप खांद्याखालच्या त्या उंचवट्यावर जातो. हे बंद पडलं तर? झोपेतच पडलं तर?

ही भीती वेडगळ नाही. बॅटरी कशी वागते हे आपण सगळे मोबाइलकडून शिकलो. वीस टक्के, दहा टक्के, आणि ऐन बोलण्यात काळा पडदा. छातीतला सेलही तसाच दगा देईल असं वाटणं साहजिक आहे. पण पेसमेकर बनवणाऱ्यांनी साठेक वर्षं नेमकी याच एका गोष्टीशी झुंज दिली, आणि बरीचशी जिंकलीही. माझं म्हणणं असं, की अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पेसमेकरवाल्या माणसाला सेल अचानक संपण्यापेक्षा तपासणीची तारीख चुकण्याचा धोका मोठा आहे. भीतीवरचा उपायही बराचसा त्या तारखेतच आहे.

बॅटरीवर चालणाऱ्या पेसमेकरचा जन्मच मुळी लाइट गेल्यामुळे झाला. ३१ ऑक्टोबर १९५७ रोजी अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहराची वीज गेली. तिथल्या विद्यापीठाच्या रुग्णालयात हृदयाची शस्त्रक्रिया झालेली मुलं भिंतीतल्या प्लगवर चालणाऱ्या पेसमेकरच्या आधाराने जगत होती. सर्जन वॉल्टन लिलेहाय यांनी अर्ल बाकेन या उपकरणं दुरुस्त करणाऱ्या तरुण इंजिनिअरला सांगितलं, की विजेच्या तारेवर अवलंबून नसलेलं काहीतरी बनव. बाकेननी इलेक्ट्रॉनिक्सच्या एका मासिकात छापून आलेली, संगीताचा ठेका धरणाऱ्या मेट्रोनोम यंत्राची आकृती घेतली, तीत फेरफार केले आणि काही आठवड्यांत अंगावर बांधता येईल अशी बॅटरीची डबी तयार केली. गॅरेजमध्ये चालणारी त्यांची कंपनी म्हणजे पुढची मेडट्रॉनिक. भारनियमनामुळे मध्यरात्री उसाला पाणी धरायला जाणाऱ्या शेतकऱ्याला या गोष्टीतलं मर्म समजावून सांगायला नको.

अंगावरची डबी अंगाच्या आत गेली ती पुढच्या वर्षी, स्वीडनमध्ये. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी सर्जन ओके सेनिंग यांनी आर्ने लार्सन या रुग्णाच्या शरीरात इंजिनिअर रूने एल्मक्विस्ट यांनी बनवलेलं यंत्र बसवलं. बूटपॉलिशच्या डबीचा साचा करून त्यात ते ओतलेलं होतं. काही तासांतच ते बंद पडलं. दुसरं बसवलं, तेही फार टिकलं नाही. जगातल्या पहिल्या रुग्णाच्या वाट्याला जगातलं सगळ्यात बेभरवशाचं मशीन आलं होतं. तरी लार्सन यानंतर ४३ वर्षं जगले. या काळात त्यांची मशीनं वीसहून अधिक वेळा बदलली गेली. यंत्र बनवणारे एल्मक्विस्ट १९९६ मध्ये गेले, बसवणारे सेनिंग २००० मध्ये, आणि लार्सन डिसेंबर २००१ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी, कर्करोगाने. पेसमेकरचा सेल बदलणं म्हणजे शेवटाची सुरुवात, असं ज्याला वाटतं त्याने हे आयुष्य एकदा डोळ्यांपुढे आणावं.

त्या काळातल्या भीतीला मात्र खरंच आधार होता. १९६० च्या दशकातली मशीनं पारा-जस्ताच्या सेलवर चालत. ते सेल वर्ष-दोन वर्षांत थकत, वायू सोडत, त्यामुळे मशीनला हवाबंद आवरणही घालता येत नसे. शरीरातली ओल आत शिरायची आणि यंत्र केव्हा मान टाकेल याचा नेम नसायचा. डॉक्टर इतके वैतागले होते, की १९७० मध्ये पॅरिसला प्लुटोनियमवर चालणारा, म्हणजे चक्क अणुबॅटरीचा पेसमेकर एका रुग्णाला बसवला गेला. उत्तर अखेर सापडलं ते लिथियम-आयोडीनच्या सेलमध्ये. विल्सन ग्रेटबॅच या अमेरिकन इंजिनिअरने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तो पेसमेकरसाठी वापरात आणला. हा सेल वायू सोडत नाही, म्हणून यंत्र टायटॅनियमच्या डबीत पक्कं बंद करता आलं. आणखी महत्त्वाचं म्हणजे तो एकाएकी दम सोडत नाही. वापर होत जाईल तसा त्याचा आतला विद्युतरोध हळूहळू वाढतो, आणि ती वाढ बाहेरून मोजता येते. किती उरलंय ते आधीच कळतं, ही या सेलची खरी कमाई. आज बऱ्याच मशीनमध्ये लिथियमचेच सुधारित सेल असतात. आधी सूचना देणं हा गुण त्यांतही जपलेला आहे.

थोडं गणित करू. पेसमेकरच्या सेलची क्षमता ढोबळ मानाने एक अँपिअर-तास असते. ही क्षमता तशी किरकोळच; मोबाइलची बॅटरी तिच्या चार-पाच पट असते. पण पेसमेकर वीज खातो किती? साधारण दहा मायक्रोअँपिअर, म्हणजे एका अँपिअरचा एक लाखावा भाग. भागाकार केला तर एक लाख तास येतात, म्हणजे अकरा वर्षांहून थोडे जास्त. साध्या पेसमेकरचा सेल आठ ते बारा वर्षं चालतो असं डॉक्टर सांगतात ते या हिशेबातूनच. आयसीडी, म्हणजे गरज पडल्यास शॉक देणारं मशीन, त्याहून लवकर उतरतं. आणि हृदयाच्या दोन्ही बाजू एका ठेक्यात आणणारं तीन तारांचं शॉकवालं मशीन सगळ्यात आधी.

हृदयाचे ठोके दिवसाला एक लाखाच्या आसपास पडतात. त्यातले किती ठोके मशीनला द्यावे लागतात यावर सेलचं आयुष्य ठरतं. कुणाचं हृदय दिवसभर आपलं आपण चालतं आणि मशीन नुसतं पहारा देतं; कुणाला शंभर टक्के ठोके मशीनचेच लागतात. शिवाय दर ठोक्याला किती व्होल्ट लागतात, तारेचं टोक हृदयाच्या आत कसं बसलंय, याचाही फरक पडतो. म्हणून पाथर्डीच्या पाहुण्यांचं मशीन बारा वर्षं चाललं आणि माझं आठच वर्षांत कसं उतरलं, ही तुलना व्यर्थ आहे. लग्नात जेवणाच्या पंगतीत ती हमखास होते, आणि एकाची झोप उडवूनच थांबते.

आता मुख्य मुद्दा. 'सेल उतरला' म्हणतात तेव्हा मशीनमध्ये नेमकं काय घडलेलं असतं?

तपासणीच्या वेळी छातीवर एक पट्टी किंवा चकती ठेवतात आणि कंपनीच्या प्रोग्रामर यंत्रावर आकडे उमटतात: सेलचा दाब, विद्युतरोध, अंदाजे उरलेले महिने. एक ठरावीक पातळी आली की मशीन स्वतःच 'आता बदलण्याची वेळ झाली' असा शेरा नोंदवतं. हा शेरा म्हणजे सेल संपल्याची खूण नाही. या शेऱ्यानंतरही मशीन निदान तीन महिने काम करत राहील, एवढी शिल्लक हिशेबात धरूनच ती पातळी ठरवलेली असते. त्यानंतर कुठेतरी खरी अखेर येते.

हिवरे बाजारचा पाण्याचा ताळेबंद नगरकरांना माहीत आहे. अवर्षणाच्या पट्ट्यातलं हे गाव पावसाळ्यानंतर पडलेला पाऊस मोजतं, विहिरींची पातळी बघतं, माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी आधी बाजूला काढतं, आणि उरलेल्यात कोणती पिकं घ्यायची ते ग्रामसभेत ठरवतं. पेसमेकरचा हिशेब जवळजवळ असाच आहे. 'बदलण्याची वेळ' हा शेरा येतो तेव्हा पिण्याचं पाणी अजून जसंच्या तसं शिल्लक असतं. काही कंपन्यांची मशीनं तर त्या घडीला आपणहून काटकसर सुरू करतात. चालताना-चढताना ठोके वाढवण्याची सोय बंद करायची, वरच्या कप्प्याला ठोका देणं थांबवायचं, आणि खालच्या कप्प्याला मिनिटाला ६५ असा एकच ठरीव ठेका देत राहायचं. ऊस बंद, पिण्याचं पाणी चालू.

या काटकसरीची एक बाजू रुग्णाला सांगून ठेवली पाहिजे, आणि बहुतेक वेळा ती सांगितली जात नाही. वरचा आणि खालचा कप्पा एका तालात चालायचा थांबला, की काहींना एकाएकी थकवा येतो, जिना चढताना दम लागतो, मानेत ठोके जाणवतात. माणूस समजतो, संपलं सगळं. प्रत्यक्षात मशीन त्याची शिल्लक राखत असतं. असं जाणवलं तर दोन-चार दिवसांत तपासून घ्यावं; बदलण्याची तारीख त्यावरून अलीकडे आणता येते. पण हे मध्यरात्री गाडी काढून पुण्याला पळण्याचं कारण नाही.

मग पुढचा प्रश्न घरोघरी येतोच: 'एवढी टांगती तलवार कशाला? आत्ताच बदलून टाका ना.' विचार करायला लावणारा प्रश्न आहे. मुलं परगावी असतात, सुट्टी काढून आलेली असतात, पैसेही जमलेले असतात. मग तीन महिने कशाला थांबायचं?

उत्तर जखमेत आहे. सेल बदलायचा म्हणजे नुसता सेल बदलत नाहीत. सगळी डबीच बदलतात, कारण ती हवाबंद असते. जुन्या तारा चांगल्या असतील तर त्याच नव्या डबीला जोडतात. हृदयाला हात लागत नाही, भूल जागेपुरती असते, काम साधारण तासाभराचं. ऐकायला सोपं वाटतं, आणि ते पहिल्यापेक्षा सोपं असतंच. पण जुनी जखम पुन्हा उघडावी लागते, आणि अशा जागी जंतू शिरण्याचा धोका पहिल्या वेळेपेक्षा जास्त असतो. अमेरिकेत मशीन बदललेल्या रुग्णांची मोठी पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. नवी तार न घालता फक्त डबी बदललेल्यांतही सहा महिन्यांत सुमारे चार टक्के लोकांना मोठी गुंतागुंत झाली. नवी तार घालायची ठरलेल्यांत हे प्रमाण पंधरा टक्क्यांच्या पुढे गेलं. जंतुसंसर्ग झाला तर बहुधा डबी आणि तारा सगळंच काढावं लागतं, आणि ते काम खरोखर अवघड आहे. दोन वर्षं उरलेली डबी मनाच्या समाधानासाठी फेकून दिली, तर आयुष्यभरात एक जादा जखम पदरात पडते. डॉक्टर थांबायला सांगतात ते निष्काळजीपणाने नाही.

सेल ठरल्याआधी दगा देतच नाही, असंही सांगता येणार नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये सेंट ज्यूड मेडिकल या कंपनीने आपल्या काही आयसीडी मशीनबद्दल जगभर इशारा दिला होता. सेलच्या आत लिथियमचे सूक्ष्म पुंजके साचून काही मशीनं ठरल्यापेक्षा फार लवकर, कधी एका दिवसात, उतरत होती. जगभरात बसवलेल्या सुमारे चार लाख मशीनना हा इशारा लागू होता आणि दोन मृत्यूंचा संबंध त्याच्याशी जोडला गेला. त्या वेळी जो सल्ला दिला गेला तो लक्षात ठेवण्याजोगा आहे. सगळ्यांची मशीनं सरसकट बदला असं सांगितलं गेलं नाही, कारण चार लाख जखमा उघडण्यातला धोका सेलच्या दोषापेक्षा मोठा ठरला असता. ज्यांचं मशीन कंप पावून सूचना देईल त्यांनी ताबडतोब यावं, बाकीच्यांनी तपासणीत राहावं, असा तो सल्ला होता. पुन्हा तपासणीच.

मशीनची बाजू एवढी. मनाची बाजू वेगळी आहे, कारण सगळे आकडे पटले तरी रात्री दोन वाजता ते आठवत नाहीत.

करोनाच्या साथीपासून घराघरात ऑक्सिमीटर आला. सेलची धास्ती घेतलेला माणूस दिवसातून पंधरा-वीस वेळा त्यात बोट घालतो. आकडा ७२ आला की मिनिटभर बरं वाटतं, ५६ आला की घाम फुटतो. त्या आकड्यात फसगत बरीच असते. मध्येच एखादा आगाऊ ठोका पडला तर तो बोटापर्यंत पोहोचत नाही आणि यंत्र कमी आकडा दाखवतं. काही मशीनमध्ये झोपेच्या वेळी ठोके मुद्दाम कमी ठेवलेले असतात. बोट गार असलं तरी आकडा चुकतो. आणि दर वेळी बघितल्याने भीती शमत नाही. 'बघितलं म्हणून वाचलो' अशी मनाची समजूत होते आणि पुढच्या वेळी हात आणखी लवकर तिकडे जातो. ऑक्सिमीटर नातवाकडे देऊन टाकावा. नाडी बघायचीच असेल तर दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, पाच मिनिटं शांत बसून, अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट मोजावी. आपलं मशीन किमान किती ठोक्यांवर लावलंय, तो आकडा डॉक्टरांकडून आधीच विचारून ठेवावा. तो बहुधा ६० च्या जवळपास असतो, पण प्रत्येकाचा वेगळा असू शकतो.

एक गोष्ट पक्की ध्यानात धरावी. पेसमेकरचा सेल खरोखर अखेरीला आला तर ठोके मंदावतात. छाती धडधडणं, तळहाताला घाम, ओठांभोवती मुंग्या, श्वास पुरत नाही असं वाटणं ही बहुतेक वेळा भीतीची लक्षणं असतात. तेव्हा हृदय जोरात पळत असतं, आणि पळणारं हृदय म्हणजे सेल संपल्याची खूण नव्हे. अशा वेळी पाठ टेकून बसावं, नाकाने सावकाश श्वास घ्यावा आणि घेतला त्याच्या दुप्पट वेळ लावून तोंडाने सोडावा. दहा मिनिटांत उतार पडतो. पण छातीत दाबल्यासारखी कळ असेल, ती हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, तर मात्र ती भीती समजून घरी बसू नये.

खरंच धावायचं केव्हा? चक्कर येऊन पडलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडता पडता वाचलं; पूर्ण मिनिट मोजलेली नाडी ठरलेल्या आकड्याच्या बरीच खाली आहे आणि सोबत ग्लानी आहे; मशीनवरची कातडी लाल झालीय, सुजलीय किंवा पू आलाय; आयसीडीने एकामागून एक शॉक दिले. यातलं काहीही झालं तर १०८ ला फोन. आयसीडी असलेल्यांनी आणखी एक ऐकून ठेवावं. सेल उतरला की काही मशीनं ठरावीक वेळी बीप वाजवतात, काही थरथरतात. तो आवाज कसा असतो ते दवाखान्यात एकदा वाजवून दाखवायला सांगावं. एरवी घरात मिक्सर, फ्रिज, मोबाइल काहीही वाजलं तरी माणूस दचकत राहतो.

शॉकवाल्या मशीनसोबत जगणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळीही आहे. त्यांच्यावर झालेल्या अभ्यासांत साधारण पाचातल्या एकाला उपचार लागावेत इतकी चिंता आढळते. हा मनाचा दुबळेपणा नाही. तीन आठवडे झोप नाही, शेताकडे जाणं बंद, एकटं अंघोळीला जायची भीती, अशी वेळ आली तर मेडिकलमधून झोपेची गोळी आणू नये. मानसोपचार तज्ज्ञाला दाखवावं. १४४१६ या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं. आणि घरच्यांनी दिवसातून दहा वेळा 'बरं वाटतंय ना?' विचारणं थांबवावं. ज्याला दर तासाला हे विचारलं जातं, त्याला आपल्याला बरं नाहीच असं वाटायला लागतं.

आपल्या जिल्ह्याचे प्रश्न याहून रोकडे आहेत. क्षेत्रफळाने हा राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा, चौदा तालुके, सतरा हजार चौरस किलोमीटर. हृदयरोगाचे उपचार मिळतात ते नगर शहरात, विळद घाटात, लोणीत, शिर्डीत. नाहीतर पुणे, नाशिक, संभाजीनगर. अकोल्याच्या डोंगरपट्ट्यातून किंवा जामखेडच्या टोकाहून यायचं म्हणजे सगळा दिवस, दोघांचं भाडं आणि एक बुडालेली मजुरी. त्यातून प्रत्येक कंपनीचा प्रोग्रामर फक्त त्याच कंपनीचं मशीन वाचतो, आणि पुष्कळ ठिकाणी तो घेऊन कंपनीचा माणूस ठरलेल्या दिवशीच येतो. न विचारता गेलेला रुग्ण तपासणी न होताच परततो, आणि पुढच्या वेळी जायचा कंटाळा करतो. पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागातली ऊसतोड कुटुंबं तर दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन निघतात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. तपासणीची तारीख त्या सहा महिन्यांत पडली, की ती चुकलीच.

एरवी वर्षाला एक-दोन तपासण्या पुरतात, पण सेल उतरणीला लागल्यावर त्या एक ते तीन महिन्यांवर आणतात. नेमकं याच काळात जाणं टाळलं जातं, कधी पैशामुळे, कधी 'गेलो तर ऑपरेशन सांगतील' या भीतीने. म्हणून जाण्याआधी फोन करून आपल्या कंपनीचा माणूस कोणत्या दिवशी येतो ते विचारावं. तपासणी झाल्यावर 'सेल किती टक्के?' असं न विचारता 'किती महिने?' असं विचारावं आणि उत्तर कागदावर लिहून मागावं. टक्क्याने मोबाइल आठवतो. महिन्यांवरून पुढचं ठरवता येतं, म्हणजे कांदा काढून जायचं की आधी, तोडीला निघण्यापूर्वी बदलून घेता येईल का, सोबत कोण येणार. तोडीला जाणार असाल तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. ज्या कारखान्यावर जाणार त्याच्या जवळ तपासणी कुठे होईल हेही विचारून घ्या.

खर्चाची चिंता सेलच्या चिंतेत मिसळलेली असते, आणि माझ्या मते पुष्कळदा तीच मोठी असते. पेसमेकर बसवणं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं. नुसती डबी बदलायची तर त्या रुग्णालयात ते योजनेत कसं बसेल, कोणती कागदपत्रं लागतील, हे तिथल्या आरोग्यमित्राला 'बदलण्याची वेळ' यायच्या आधीच विचारून ठेवावं. रेशनकार्डावरच्या नावातली चूक दुरुस्त करायला सेल संपायची वाट बघू नये.

जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्याचं काम सुरू केलं. जेमतेम अक्षरओळख असलेल्या गावातल्या बायकांना शिकवून त्यांनी त्यांच्यावर गावाचं आरोग्य सोपवलं, आणि १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार या दांपत्याला मिळाला. ज्या जिल्ह्यात हे घडलं तिथे गावातल्या पेसमेकरवाल्यांची यादी आशाताईंच्या वहीत असणं काही अवघड नाही. मिनिटभर नाडी मोजायची, मशीनवरची कातडी बघायची, पुढची तारीख आठवण करून द्यायची. याला हृदयरोगतज्ज्ञ लागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रांनी हे करावं, असं मला मनापासून वाटतं.

काही बारीकसारीक शंका सेलच्या नावावर खपतात, त्या इथेच निकालात काढू. मोबाइल, टीव्ही, विहिरीवरची मोटर यांनी सेल उतरत नाही. मोबाइल मशीनच्या बाजूच्या खिशात ठेवू नये, वितीएवढं अंतर राखावं. चालू वेल्डिंगजवळ उभं राहू नये आणि इंडक्शन शेगडीवर ओणवं होऊ नये, कारण मशीनची तेवढ्यापुरती फसगत होऊ शकते. शिर्डीच्या दर्शनरांगेत सुरक्षेच्या कमानीतून न थांबता चालत जायला हरकत नाही. हातातलं तपासणी यंत्र छातीवर धरू देऊ नये, कार्ड दाखवावं.

मुंबईतलं एक संशोधन या विषयाला वेगळीच बाजू दाखवतं. अमेरिकेत मृत रुग्णांच्या नातेवाइकांनी दान केलेले पेसमेकर तपासून, निर्जंतुक करून वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात ५३ गरीब रुग्णांना बसवले गेले. शिकागोच्या लोयोला विद्यापीठातल्या डॉक्टरांचा त्यात सहभाग होता आणि निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. निवडलेल्या मशीनमध्ये सत्तर टक्क्यांहून जास्त सेल शिल्लक होता, आणि त्या रुग्णांत मशीनमुळे जंतुसंसर्ग झाल्याचं आढळलं नाही. ही सोय मागून मिळणारी नाही. तो एक अभ्यास होता. पण त्यातून एवढं दिसतं, की पुष्कळ मशीनं माणसाच्या मागे उरतात. तुमचा सेल उतरत आला असेल, तर तुम्ही मशीनला पुरून उरलात. मशीन मागे उरलं तर ते दहनाआधी काढून घ्यायचं असतं, कारण आगीत लिथियमचा सेल फुटतो. ही गोष्ट घरात एकाला तरी सांगून ठेवा. ऐकायला कडू आहे, पण चितेजवळ उभ्या राहणाऱ्यांच्या जिवाशी तिचा संबंध आहे.

बाकी काम आजच्या आज होण्यासारखं आहे. पेसमेकर बसवला तेव्हा मिळालेलं कार्ड पेटीतून शोधून काढा. त्यावर कंपनी, मॉडेल आणि बसवल्याची तारीख असते. त्याचा फोटो मुलाच्या आणि सुनेच्या मोबाइलमध्ये ठेवा. कार्डाच्या मागे दोन गोष्टी लिहा: किमान ठोक्यांचा आकडा आणि पुढच्या तपासणीची तारीख. बसवून सहा-सात वर्षं झाली असतील आणि मागची तपासणी केव्हा झाली ते आठवत नसेल, तर या आठवड्यात फोन करून दिवस ठरवा, आणि त्या दिवशी लग्न असो की कांद्याचा लिलाव, आधी तपासणीला जा.